वांशिक अध्ययन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वांशिक अल्पसंख्याक समाजांचा इतिहास, संस्कृती, वाङ्मय व सामाजिक स्थिती यांचा त्या समाजांच्या दृष्टिकोनातून अभ्यास करणारी आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा. तेथे ती एथ्निक स्टडीज या नावाने ओळखली जाते. आफ्रिकी-अमेरिकन, मूळ अमेरिकन, लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक व आशियाई-अमेरिकन हे चार समाजगट तिच्या केंद्रस्थानी असतात. पदवी स्तरावर ती मुख्य विषय म्हणून घेता येते. तथापि दुसऱ्या मुख्य विषयाला जोडून गौण विषय म्हणून ती घेण्याचीही सोय अनेक विद्यापीठांत आहे.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेचा इतिहास मुख्यतः यूरोपीय वसाहतकऱ्यांचा इतिहास म्हणून शिकविला जाई. १८६९ साली पूर्ण झालेल्या आंतरखंडीय लोहमार्गावर राबलेले हजारो चिनी मजूर, चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा १८८२ चा कायदा, १९४२ पासून छावण्यांत डांबले गेलेले सु. १,२०,००० जपानी वंशाचे रहिवासी यांना पाठ्यपुस्तकांत क्वचितच स्थान मिळे. या विषयांवर संशोधन मुळीच झाले नव्हते, असे नाही. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी कृष्णवर्णीय समाजाचा पद्धतशीर अभ्यास केला होता. कार्टर जी. वुडसन यांनी १९१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली आणि १९१६ पासून तिचे नियतकालिक चालविले. परंतु हे कार्य बहुतांशी कृष्णवर्णीयांच्या संस्थांपुरते सीमित राहिले.

स्थापना : नागरी हक्कांच्या चळवळीनंतर ही स्थिती पालटली. सॅन फ्रॅन्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटना व ‘थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट’ ही विद्यार्थ्यांची संयुक्त आघाडी यांनी ६ नोव्हेंबर १९६८ रोजी संप पुकारला. त्यांच्या पंधरा मागण्यांमध्ये स्वतंत्र विभाग, त्या समाजांतील अध्यापक आणि अधिक विद्यार्थ्यांना प्रवेश या प्रमुख होत्या. पोलिसी बळाचा वापर व शेकडो अटका होऊनही संप सुमारे साडेचार महिने टिकला. मार्च १९६९ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी तेथे वांशिक अध्ययनाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रातही १९६९ मध्ये अशाच संपानंतर विभाग निघाला. अभ्यासक्रमात कोणाचा इतिहास असावा, हा प्रश्न अशा रीतीने प्रथम विद्यार्थ्यांनी ऐरणीवर आणला. विद्वत्सभांनी त्याचा स्वीकार नंतर केला.

गौण विषयाचे स्वरूप : अमेरिकन पदवीसाठी सर्वसाधारणपणे १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी गौण विषयाचा वाटा बहुधा १५ ते २४ श्रेयांकांचा, म्हणजे पाच ते आठ अभ्यासपत्रिकांचा असतो. प्रारंभी चारही समाजगटांचा तौलनिक परिचय करून देणारी पत्रिका असते. पुढे इतिहास, वाङ्मय, कायदा, आरोग्य, स्थलांतर इ. विषयांतून निवड करता येते. काही ठिकाणी क्षेत्रकार्यही अपेक्षित असते. वैद्यक, कायदा, अध्यापन वा समाजकार्य या व्यवसायांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास, ज्या लोकांमध्ये त्याला काम करावयाचे आहे त्यांची पूर्वपीठिका त्यायोगे समजते.

या अध्ययनाचे वैशिष्ट्य त्याच्या साधनांत आहे. सरकारी दप्तरांत अल्पसंख्याकांविषयी बरेच लिहिलेले आढळते. त्यांनी स्वतः लिहिलेले मात्र थोडे असते. म्हणून मौखिक इतिहास, पत्रे, गीते व स्थानिक वृत्तपत्रे यांना येथे महत्त्व येते. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात स्थलांतरितांचे तपासणी केंद्र होते. तेथे अडकवून ठेवलेल्या चिनी लोकांनी बराकींच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या होत्या. इमारत पाडण्याचे घाटत असता १९७० मध्ये एका उद्यानरक्षकाचे तिकडे लक्ष गेले. चिनी-अमेरिकन समाजाच्या प्रयत्नांनी ती वाचली आणि १९८० मध्ये त्या कविता भाषांतरासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. वाचणारा नसता, तर तो ऐवज लाकडाबरोबरच नष्ट झाला असता.

वाद व मर्यादा : या अभ्यासामुळे समाजात फूट पडते व विद्येला राजकीय वळण लागते, असा एक आक्षेप आहे. अ‍ॅरिझोना राज्याने २०१० मध्ये शालेय स्तरावरील अशा अभ्यासक्रमांवर निर्बंध घालणारा कायदा केला. टूसॉन येथील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम त्यामुळे बंद पडला. २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने या कारवाईमागे वांशिक आकस असल्याचा निर्णय दिला. उलट, रॉनल्ड ताकाकीसारख्या इतिहासकारांनी विविध समाजांचे इतिहास परस्परांत गुंफून एकसंध राष्ट्रीय इतिहास लिहिता येतो, हे दाखवून दिले.

दुसरी मर्यादा रचनेतील आहे. गौण विषयासाठी पुष्कळदा स्वतंत्र अध्यापक नसतात. इतर विभागांतील अध्यापकांवर तो चालतो व काटकसरीच्या काळात चटकन संकटात येतो. शिवाय ऐच्छिक विषय ज्यांना आधीच आस्था आहे त्यांच्याकडूनच बहुधा निवडला जातो. ज्यांना त्याची अधिक गरज, ते त्यापासून दूर राहतात. यावर उपाय म्हणून बर्कली येथे १९८९ मध्ये अमेरिकन संस्कृतींविषयीची एक पत्रिका सर्व पदवी विद्यार्थ्यांना सक्तीची करण्याचा निर्णय झाला. कॅलिफोर्निया राज्याने २०२० च्या कायद्याने कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठात वांशिक अध्ययनाचे तीन श्रेयांक पदवीसाठी आवश्यक ठरविले.

भारताशी संबंध : संयुक्त संस्थानांतील भारतीयांचा इतिहासही या अध्ययनात येतो. भगतसिंग थिंद यांना १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांच्यासारखे क्रांतिकारक पॅसिफिक किनाऱ्यावरील गदर चळवळीत वावरले. अलीकडे या समाजातील अंतर्गत विषमताही विचारात घेतली जाते. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा अंतर्भाव केला. अल्पसंख्याक समाजाचा इतिहास म्हणजे केवळ त्याच्यावरील अन्यायाची नोंद नव्हे, तर त्या समाजाने आपल्यातील दुर्बलांना कसे वागविले याचीही चिकित्सा होय, ही जाणीव या ज्ञानशाखेच्या परिपक्वतेची खूण मानता येईल.