पळीभर तेलाचा हिशेब

गेल्या हंगामात मामांच्या गुऱ्हाळाचा जमाखर्च मी लिहिला. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. खर्चाला कात्री लावायची हौस! काहिलीत टाकायचे शेंगतेल मला वायफळ वाटले, म्हणून ते बंद करविले. तिसऱ्याच काहिलीला गुळव्या ओरडला, "तम्मा, नोरे बंतु!" फेस आला! तो काठावरून चुलवाणात उतरला, बरोबर रसही गेला. मामा काहीच बोलले नाहीत. नुकसान मात्र मलाच वहीत मांडावे लागले.

पळीभर तेल असे काय करते? शुद्ध पाण्यावर फेस टिकत नाही. रसातली प्रथिने बुडबुड्याच्या पातळ पडद्याला बळ देतात, म्हणून तो तगतो. पाण्यात न विरघळणारा तेलाचा थेंब त्या पडद्यात शिरतो, पसरतो, आणि पडदा तिथेच विरून फुटतो. त्यासाठी तेलाचा पृष्ठताण कमी हवा. पाण्याचा मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन, तर सिलिकोन तेलाचा 21 च्या आसपास.

कारखान्यांतही आरंभी साधी तेलेच होती. कागद गिरण्यांत रॉकेल चाले. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलीन मोठ्या टाक्यांत बनू लागले. बुरशीला हवा फुंकावी लागे, फेस उसळे. त्यावर डुकराच्या चरबीचे तेल घालीत. पण असले तेल बुरशीच खाऊन टाकी, पुन्हा घालावे लागे. फेसासाठी टाकीचा वरचा भाग रिकामा ठेवायचा, म्हणजे तेवढे भांडवल पडून! माझ्या मते या रसायनांची खरी किंमत इथेच कळते.

पुढे सिलिकोन आले. अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी 1943 मध्ये त्याच्याच उत्पादनासाठी निघाली. पण नुसते सिलिकोन दुबळे पडते. त्यात पाण्याने न भिजणारी सिलिकाची पूड मिसळली, की तिचे कण पडद्याला टोचतात आणि थेंबाला वाट मिळते. पोटातल्या वायूवरच्या गोळीत हेच मिश्रण असते! रंगात मात्र ते जास्त झाले, तर भिंतीवर खळगे पडतात. म्हणून तिथे खनिज तेलात सिलिका मिसळलेले द्रव्यही वापरतात. 1973 च्या तेलसंकटात हे तेलच महागले, तेव्हा उत्पादकांनी त्यात पाणी मिसळून चालेल अशी द्रव्ये काढली.

यंदा वहीत शेंगतेलाचे खाते मी पुन्हा उघडले आहे. पळी किती भरायची, ते अजून गुळव्याच ठरवतो.