आकड्यालाही गेज लावा

चाकण-भोसरीच्या कारखान्यात व्हेंडरचा माल नुसता चलनावरचा आकडा पाहून कोणी आत घेत नाही. गेज लागतो, मापात न बसलेला जॉब परत जातो. त्याच पट्ट्यातल्या हॉटेलची किंवा जिमची रील करून घेताना मात्र इन्फ्लुएन्सरच्या प्रोफाइलवरचा आकडाच पुष्कळदा पुरेसा वाटतो. ‘फॉलोअर जास्त, म्हणजे ग्राहक जास्त’ हा त्यामागचा गैरसमज. वस्तुस्थिती अशी की फॉलोअर विकत मिळतात. जुलै 2020 मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने हा धंदा उघडकीस आणला. निमित्त होते गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाने काढलेल्या बनावट प्रोफाइलच्या तक्रारीचे. त्या प्रोफाइलचा माग काढताना तपास फॉलोअर्स आणि लाइक्स विकणाऱ्यांपर्यंत पोचला.

‘गर्दी पाहून गर्दी जमते, मग थोडे विकत घेतले तर बिघडले कुठे?’ असा एक बचाव असतो. गर्दी जमतेही; पण जाहिरातदाराने पैसे मोजले ते माणसांपर्यंत पोचण्याचे, आणि बनावट खाते ना जेवायला येते, ना जिमची फी भरते. ‘कमेंट भरपूर, म्हणजे खाते खरे’ ही कसोटीही लंगडी, कारण कमेंटही विकत मिळतात. उलट, फॉलोअर्स एकाएकी वाढले म्हणून कोणाला लबाड ठरवणेही चूक. एखादी रील व्हायरल झाली तरी असेच घडते. म्हणून ती वाढ कोणत्या रीलमुळे झाली, हे पाहावे.

‘याला कायदाच नाही’ हेही अर्धसत्य. अमेरिकेने ऑक्टोबर 2024 पासून बनावट फॉलोअर्सच्या खरेदी-विक्रीवर थेट नियम लागू केला. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तोही उत्पादकाबरोबर शिफारस करणाऱ्याला. पण दंड होईपर्यंत दुकानदाराचे पैसे गेलेले असतात. तेव्हा तपासणी आधीच हवी. स्क्रीनशॉटवर न थांबता इन्फ्लुएन्सरला त्याच्या फोनवर समोरच इनसाइट्स (खात्याची आकडेवारी) उघडायला सांगावे आणि फॉलोअर कोणत्या शहरातले ते पाहावे. मोशीच्या हॉटेलला लखनौचा खरा फॉलोअरही निरुपयोगीच. सवलतीचा वेगळा कोड देऊन गिऱ्हाईक मोजावे. इनसाइट्स दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याला काम देऊ नये.