वानराची अक्कल आणि माणसाचे शिकणे

हत्यार तयार करतो तो माणूस, अशी व्याख्या एके काळी रूढ होती. १९६० साली आफ्रिकेतील गोंबेच्या जंगलात जेन गुडाल यांनी एक चिंपांझी पाहिला. काडीची पाने ओरबाडून तो ती वारुळात खुपसत होता आणि तिला चिकटलेली वाळवी खात होता. ती व्याख्या तिथेच डळमळली. मग माणसाचे वेगळेपण कशात?

२००७ साली जर्मनीतील लायप्झिगच्या संशोधकांनी १०६ चिंपांझी, ३२ ओरांगउटान आणि अडीच वर्षांची १०५ मुले यांना त्याच कसोट्या दिल्या. लपवलेली वस्तू कुठे गेली, जास्त कशात आहे, कोणते साधन उपयोगी पडेल, हे ओळखण्यात मूल आणि चिंपांझी जवळजवळ बरोबरीचे ठरले. तफावत पडली ती दुसऱ्याकडून शिकण्यात. नळीतला खाऊ कसा काढायचा हे दाखवले की मूल तसेच करी. वानर नळीच दाताने फोडू पाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला गेला. परीक्षक सर्वांना माणूसच होता. म्हणजे मुलाला आपल्या जातीचा आणि वानराला परक्या जातीचा. परीक्षेची रीत बदलली की निकालही बदलतो. २०१६ साली वानरांची केवळ नजर टिपली गेली, तेव्हा दुसऱ्याचा गैरसमज झाला असेल तर तो कुठे शोधील, याचा अंदाज त्यांना येतो असे दिसले. वानराला मन नाही, असे म्हणणे आता सोपे राहिलेले नाही.

तरीही एक गोष्ट उरतेच. माणसाचे मूल एकट्याच्या अकलेवर मोठे होत नाही. विस्तव, बियाणे, अक्षर यांतले काहीही प्रत्येकाने नव्याने शोधलेले नाही. ते कुणीतरी दाखवले, कुणीतरी पाहिले. बुद्धी ही कुणा एका कुळाची मिरास नसून हातोहात पुढे गेलेली सामाईक ठेव आहे. म्हणून एखाद्याला शिकण्यापासून तोडणे म्हणजे त्याच्या माणूसपणाच्या मुळावरच घाव घालणे होय. आणि तोडल्यावर त्यालाच ‘डोके नाही’ म्हणणे हा दुसरा घाव.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. माझ्या आजोबांना शाळेत दाराबाहेर बसवीत. त्यांच्या डोक्यात काही कमी नव्हते. बाहेरून त्यांना फळा दिसत नसे, एवढेच.