झेब्रा फिंचची वीण
झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला. तिथे पाऊस होऊन गवताला दाणा धरला की हे पक्षी घरटं बांधायला घेतात. म्हणून पिंजऱ्यातही त्यांना आधी सुकाळ जाणवला पाहिजे: राळ्याबरोबर मोड आलेलं धान्य, उकडलेल्या अंड्याचा चुरा, आंघोळीला रोज ताजं पाणी. मादीला समुद्रफेस हवाच! कॅल्शियम कमी पडलं तर अंडं पोटातच अडकतं आणि ती दगावते. केशरी गालांचा नर चोचीत वाळलं गवत, काथ्या घेऊन घरट्यात शिरतो. सुती दोरा मात्र ठेवू नका, पायाला फास बसतो. चार-सहा अंडी दोघं आळीपाळीने उबवतात. साधारण १३ दिवसांत पिल्लं. सारखं डोकावू नका. दोन-तीन विणींनंतर घरटं काढून घ्या, नाहीतर मादी झिजत जाते.