ओव्हन नाही? कढईत कणकेचा केक नेमका कसा भाजला जातो, समजून घ्या

घरी केक करायचा म्हटलं की दोन प्रश्न हमखास येतात. "आमच्याकडे ओव्हन नाही, मग कसा करणार?" आणि "कणीक आणि गूळ घातला की हेल्दी होतो ना?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं जरा अडचणीचं आहे, पण घरात कुणाला मधुमेह असेल तर ते माहीत असायलाच हवं.

आधी ओव्हनचं बघू. ओव्हन म्हणजे एक बंद पेटी, आत साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसची कोरडी गरम हवा आणि एक थर्मोस्टॅट. तापमान वर गेलं की कॉइल बंद, खाली आलं की परत चालू. यातली पेटी आपल्या स्वयंपाकघरात आहेच. जाड बुडाची मोठी कढई, तिच्यात जाळी किंवा स्टँड आणि वर घट्ट बसणारं झाकण, झाली पेटी. थर्मोस्टॅट मात्र नाही. ते काम गॅसच्या बटणावर हात ठेवून तुम्हालाच करायचंय.

फरक एवढाच की कढईत सगळी उष्णता खालून येते. केकचा डबा थेट बुडावर ठेवला तर खालचा थर करपतो आणि वरचं बॅटर कच्चंच राहतं. स्टँड ठेवला की मध्ये हवेची फट राहते आणि उष्णता हवेतून, सगळ्या बाजूंनी पोचते. म्हणून डबा आणि कढईच्या कडा यांच्यामध्येही बोटभर जागा हवी.

बरेच जण तळाला मीठ पसरतात. मीठ काही जादू करत नाही. त्याची उष्णता साठवण्याची क्षमता पाण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच असते. पण त्याचा थर बुडाची थेट धग अडवतो आणि ज्योतीमुळे होणारे चढउतार थोडे सौम्य करतो. कढई ॲल्युमिनियमची असेल तर मीठ टाळा. ओल लागली की मिठाने ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. स्वच्छ कोरडी वाळू चालते, आणि स्टँड चांगला उंच असेल तर काहीच नाही घातलं तरी चालतं.

वरून उष्णता नसल्यामुळे या केकचा माथा फिकट राहतो. यावरचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. कोकणात काकडी, रवा आणि गुळाचं धोंडस करताना पातेल्याच्या झाकणावरही निखारे ठेवत. गोव्यातल्या बिबिंकाचे थर तर वरच्या निखाऱ्यांवरच भाजले जायचे. फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार, तेव्हा फिकट माथा चालवून घ्या. चवीत काही बिघडत नाही.

कुकर वापरू का?

माझं मत: नको. कुकरमध्ये पाणी असतं तेव्हा दाबाखालीसुद्धा तापमान १२० अंशांच्या आसपास थांबतं, कारण पाण्याची वाफ होत राहते. कोरड्या कुकरला अशी काही मर्यादा नाही. अनेक कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये ठरावीक तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो, म्हणजे कोरडा कुकर तापला की तो वितळायचाच. रबरी गॅस्केटही कडक होऊन जाते. तरीही कुकरच वापरणार असाल तर शिट्टी आणि गॅस्केट दोन्ही काढून ठेवा. बॅटरमधल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट हवीच.

कढईही नॉनस्टिक नको. रिकामी कढई गॅसवर सहज २६० अंशांपलीकडे जाते आणि तिथून पुढे नॉनस्टिकचा थर विघटित व्हायला लागून विषारी धूर सुटतो. इंडक्शनवर हा प्रयोग करूच नका. रिकामं भांडं जास्त तापलं की त्याचा सेन्सर शेगडीच बंद करून टाकतो.

आता "हेल्दी"चा हिशेब

कणकेत कोंडा आणि अंकुर असतो, मैद्यातून ते काढून टाकलेले असतात. १०० ग्रॅम कणकेत साधारण ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनच्या आत. हा फायदा खरा आहे. म्हणून चाळताना वर राहिलेला कोंडा टाकू नका, परत पिठात घाला. नाहीतर कणीक घेतलीत कशाला?

गुळाचं मात्र तसं नाही. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, सोबत थोडी खनिजं आणि ओलावा. १२० ग्रॅम साखरेऐवजी तेवढाच गूळ घातला तर अख्ख्या केकमागे सुमारे २५ कॅलरी वाचतात, म्हणजे दहा तुकडे केले तर एका तुकड्यामागे दोन-तीन. रक्तातली साखर गुळानेही वाढतेच. "गुळाचा आहे, चालतो" म्हणत शुगर असलेल्या आजोबांना दुसरा तुकडा आग्रहाने वाढला जातो, तिथे खरी गडबड होते. गूळ घाला तो चवीसाठी आणि रंगासाठी. खायचा किती, ते साखरेचा केक समजूनच ठरवा.

प्रमाण आणि कृती

कणीक १८० ग्रॅम (दीड कप), बारीक चिरलेला गूळ १२० ग्रॅम, ताजं दही एक कप, तेल ८० मिली, बेकिंग पावडर एक चमचा, सोडा अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची. चमचा म्हणजे ५ मिलीचा आणि कप २४० मिलीचा. सोडा आणि दही यांची जोडी महत्त्वाची. दह्यातलं आम्ल सोड्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तेच बुडबुडे केक फुलवतात. म्हणून सोडा वाढवू नका. ज्याला आम्ल मिळालं नाही तो सोडा साबणासारखी चव देतो.

दह्यात गूळ पूर्ण विरघळू द्या, तेल घाला, मग कणीक मिसळा आणि १५ मिनिटं झाकून ठेवा. चक्कीच्या पिठातला स्टार्च दळताना बराच तुटलेला असतो, त्यामुळे ते जास्त पाणी पितं. मिश्रण घट्ट झालं तर तीन-चार मोठे चमचे दूध घाला. सोडा आणि पावडर अगदी शेवटी, आणि त्यानंतर जास्त फेटत बसू नका. एकदा वायू सुटायला लागला की उशीर करून उपयोग नाही. सात इंची डबा अर्धाच भरा.

कढई झाकून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, डबा ठेवा आणि लहान बर्नरवर मंद आच करा. ४० ते ५० मिनिटं लागतील. पहिली २५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. तोवर आतली भिंत पक्की झालेली नसते. गार हवा लागली की बुडबुडे आकसतात आणि केक मध्येच बसतो. झाकण घुमटाकार असेल तर वाफेचे थेंब केकवर न पडता कडेला ओघळतात. करपल्याचा वास आला तर झाकण उघडून पाहण्याआधी आच कमी करा. गूळ साखरेपेक्षा लवकर तपकिरी होतो, त्यामुळे कडा गडद दिसल्या तरी घाबरू नका. थर्मामीटर असेल तर मधोमध ९६ ते ९८ अंश दिसले की झाला. नसेल तर सुरी खुपसून बघा, ती कोरडी बाहेर यायला हवी.

आणि कापायची घाई नको, तासभर थांबा. गरम केकमधला स्टार्च अजून स्थिरावत असतो, तेव्हा कापला तर नीट शिजलेला केकसुद्धा चिकट लागतो आणि लोक उगाच तो परत कढईत ठेवतात.