दुर्गाबाईंची कमाई

आज एका नटीची ओळख करून घेऊ. तिचं काम आपण टीव्हीवर पाहिलेलं आहे. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई आठवते? नवरा बादशहा, मुलगा बंडखोर, आणि दोघांच्या मध्ये होरपळणारी आई? किंवा 'बॉबी'मधली आजी? त्या दुर्गा खोटे. त्यांचा अभिनय मोठा होताच, पण आज आपण बोलणार आहोत ते त्यांच्या कमाईबद्दल.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ साली मुंबईत, लाडांच्या सधन घरात झाला. त्या कॉलेजात शिकल्या. सासरही श्रीमंत मिळालं. पण दिवस फिरले, पैसा गेला. वय जेमतेम सव्वीस, पदरात दोन मुलगे. कमावणं भाग होतं. १९३१ साली 'फरेबी जाल' या सिनेमात त्यांना छोटंसं काम मिळालं. सिनेमा पडला आणि लोकांनी बोल लावले ते मात्र दुर्गाबाईंना. घराण्याची अब्रू घालवली म्हणाले. मुलांच्या तोंडात घास कसा जाणार, ही काळजी बोलणाऱ्यांना नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला. मराठीतला हा पहिला बोलपट. व्ही. शांतारामांनी दुर्गाबाईंना तारामती केलं. तेव्हा एकाने गायचं आणि दुसऱ्याने नुसते ओठ हलवायचे, अशी सोय नव्हती. नटीला स्वतःच गावं लागे. दुर्गाबाई गायल्या, बोलल्या आणि लोकांना आवडल्या. मग बोलणाऱ्यांची भाषा बदलली. 'चांगल्या घरची बाई सिनेमात आली' असं कौतुक सुरू झालं.

इथे जरा थांबू या. दुर्गाबाईंच्या आधी सिनेमात बायका नव्हत्या का? दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं, कारण बाई मिळेना. पण त्याच साली फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दोघी मायलेकी उभ्या राहिल्या. आई दुर्गाबाई कामत आणि मुलगी कमलाबाई. या कमलाबाई म्हणजे आपल्या विक्रम गोखल्यांच्या आजी. दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळ्या होऊन, नाटकात काम करून लेकीला वाढवत होत्या. त्याही मुलासाठीच कमवत होत्या. पण त्यांच्या वाट्याला बोलणीच जास्त आली, आणि आज त्यांचं नाव किती जणींना ठाऊक आहे?

काम तेच, कष्ट तेच. मान मात्र घर बघून दिला गेला. यात दुर्गा खोट्यांचा दोष नाही. पण त्यांचं कौतुक करताना दुसऱ्या दुर्गाबाईंना विसरलो, तर आपणही घर बघूनच मान देतो असं होईल.

आता दुर्गा खोट्यांचा व्यवहार पाहा. त्या काळी नट-नट्या एकाच कंपनीत महिन्याच्या पगारावर बांधलेल्या असत. वाडीवाल्या बायांना हे लगेच कळेल. एका व्यापाऱ्याची उचल घेतली, की माल त्यालाच द्यायचा आणि भाव तो म्हणेल तो. दुर्गाबाईंनी असं बांधून घेतलं नाही. कलकत्त्याला जाऊन १९३४ साली 'सीता' केला. १९३६ साली पुन्हा प्रभातच्या 'अमरज्योती'त आल्या, तेही समुद्रावरच्या लुटारूंची राणी होऊन! मुलावर आईचा हक्क न मानणाऱ्या राज्याविरुद्ध ती बंड करते. आपल्या किनाऱ्यावरच्या बायांना ही राणी नक्की आवडेल.

वय वाढलं तशा आईच्या, सासूच्या भूमिका आल्या. अनेक नट्या अशा वेळी घरी बसतात. दुर्गाबाईंनी त्या भूमिकाही मनापासून केल्या. १९६३ साली 'द हाउसहोल्डर' या इंग्रजी सिनेमात काम केलं. 'बिदाई'साठी त्यांना फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला. १९८० सालच्या 'कर्ज'मध्येही त्या आहेत. त्यांनी स्वतःची कंपनीही काढली. जाहिराती आणि माहितीपट बनवणाऱ्या या कंपनीनेच १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' आणली. पगार मागायला आलेली बाई आता दुसऱ्यांना काम देत होती.

१९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा मान तारामती झालेल्या बाईला! 'मी दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिलं. १९९१ साली त्या गेल्या.

आता आपल्याकडे वळू. एडवणची कुणी पहाटे टोपली घेऊन सफाळ्याला गाडी पकडते, कुणी बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जाते, कुणी दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करते. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना आपण 'मॅडम' म्हणतो. टोपलीवालीला काय म्हणतो? उशिरा घरी येणाऱ्या बाईबद्दल आपल्याच ओटीवर काय बोललं जातं?

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, की दोन गोष्टींवर बोला. एक, आपल्या मालाचा भाव कोण ठरवतं? दुसरी, गावातल्या कोणत्या कामाला आपण स्वतःच नाव ठेवतो? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला वेळ लागेल. दुसऱ्याचं उत्तर मात्र आपल्याच तोंडात आहे, ते त्याच दिवशी बदलता येईल.