मुक्त हत्यार : घरच्या संगणकावरील चित्रदुरुस्ती

सुतार कामावर येतो तेव्हा पिशवीतला रंधा, पटाशी, करवत ही त्याची स्वतःची असतात. गिरणीतल्या साचेवाल्याचे तसे नव्हते. साचा मालकाचा, फाटकाला कुलूप लागले की हातची विद्या हातातच राहायची. कामगार चळवळीत वावरताना हा भेद मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिला. आज तोच भेद संगणकाच्या रूपाने आपल्या घरात आला आहे. छायाचित्रे दुरुस्त करण्याची काही नामांकित सॉफ्टवेअरे आता कायमची विकत मिळत नाहीत. महिन्याचे भाडे भरायचे. भाडे थकले की हत्यार बंद! म्हणून 'गिंप' या वेगळ्या वाटेच्या हत्याराची माहिती मी आपल्यापुढे ठेवतो. मी या विषयातला पदवीधर नव्हे. संघटनेची पत्रके काढताना आणि जुनी छायाचित्रे नीट करताना जे शिकलो, तेवढेच सांगणार आहे.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने दोन गोष्टींचा घोटाळा होतो. आपल्या भाषेत त्यांना दोन शब्द आहेत : फुकट आणि मुक्त. गिंप फुकट मिळते हे खरे. पण महत्त्व आहे ते त्याच्या मुक्तपणाला. हवे त्या कामासाठी ते वापरावे, त्याची आतली रचना अभ्यासावी, प्रती वाटाव्या, सुधारणा करून तीही वाटावी, असे चार हक्क वापरणाऱ्याला मिळतात. हे हक्क ज्या परवान्याने बांधले आहेत, तो रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 साली प्रथम सिद्ध केला.

गिंपचा आरंभ 1995 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केला. पहिली आवृत्ती 1996 साली लोकांपुढे आली. खिडक्या आणि बटणे काढण्यासाठी त्यांनी आधी जी साधनपेटी वापरली, ती दुसऱ्याच्या मालकीची होती. तेव्हा मॅटिस यांनी स्वतःचीच नवी पेटी घडवली. पुढे तिच्यावर इतरही अनेक मुक्त सॉफ्टवेअरे उभी राहिली. विद्यार्थी शिक्षण संपवून नोकरीला लागले, तरी काम थांबले नाही. ते स्वयंसेवकांनी उचलले. मार्च 2025 मध्ये त्यांची तिसरी मोठी आवृत्ती बाहेर पडली. संघटना माणसामागून टिकते ती अशी.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. संगणकाला चित्र म्हणजे ठिपक्यांचे जाळे. सहा इंच बाय चार इंचांचे छायाचित्र स्कॅनरवर इंचाला 600 ठिपके या मापाने घेतले, तर 3,600 गुणिले 2,400, म्हणजे 86,40,000 ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला सामान्यतः तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे तीन आकडे असतात, प्रत्येक 0 ते 255 मधला. चित्रदुरुस्ती म्हणजे हे आकडे समजून बदलणे. यात जादू काही नाही.

समजा, आपल्याजवळ 1982 च्या गिरणी संपातल्या सभेचे रंगीत छायाचित्र आहे. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. अशी चित्रे आजही कोणाच्या ट्रंकेत पडून असतील. त्या काळच्या पुष्कळशा रंगीत प्रतींतला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि चित्र लालसर दिसू लागते. ते गिंपमध्ये उघडल्यावर पहिली गोष्ट करावी ती ही, की मूळ 'लेअर'ची नक्कल काढावी. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. वरच्या कागदावर काम करावे. खालचे मूळ जसेच्या तसे राहू द्यावे.

मग 'लेव्हल्स' हे साधन घ्यावे. विटलेल्या चित्रात काळा रंग पुरता काळा नसतो, पांढरा पुरता पांढरा नसतो. सगळे आकडे, समजा, 60 ते 200 यांच्यात दाटलेले असतात. लेव्हल्स त्यांना 0 ते 255 पर्यंत ताणून बसवते. तांबडा, हिरवा, निळा असे तिन्ही वेगवेगळे ताणले की लालसरपणा पुष्कळसा जातो. घडीच्या रेषा आणि डाग यांसाठी 'हील' हे साधन आहे. शेजारची निरोगी जागा घेऊन ते डागावर अशी बसवते, की भोवतालच्या छटेत ती मिसळून जाते.

काम जपताना गिंपच्या स्वतःच्या 'एक्ससीएफ' स्वरूपात जपावे, म्हणजे सगळे लेअर शाबूत राहतात. दुसऱ्याला पाठवायची जेपीईजी प्रत 'एक्सपोर्ट' करून निराळी काढावी. जेपीईजी प्रत पुन्हा पुन्हा बदलून जपली की दर वेळी चित्राचा थोडा अंश झडतो. छापखान्याला चार शाईंची विभागणी लागते, तिथे मात्र हे हत्यार अजून कमी पडते, हेही सांगितले पाहिजे. आणि गिंप घ्यावे ते त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच.

आता शेवटची, पण माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट. ज्या साधनाने डाग जातो, त्याच साधनाने माणूसही जातो. 5 मे 1920 रोजी मॉस्कोत लेनिन सैनिकांपुढे भाषण करीत असता घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. मूळ चित्रात व्यासपीठाच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह उभे आहेत. पुढे सोव्हिएत राजवटीत छापलेल्या प्रतींत ते दोघे नाहीत. त्यांच्या जागी नुसत्या लाकडी पायऱ्या आहेत. त्या वेळी हे करायला कसबी कारागीर लागत. आज ते घरबसल्या काही मिनिटांत होते.

तेव्हा आपण आपल्यापुरती शिस्त घालून घ्यावी. काळाने आणलेला डाग पुसावा. त्या क्षणी तिथे असलेले काहीही पुसू नये. चेहरा फाटून गेला असेल, तर तिथे नवा चेहरा बसवू नये, कारण ती दुरुस्ती नव्हे, रचना होय. मूळ स्कॅन जपून ठेवावा आणि काय बदलले, ते दोन ओळींत लिहून ठेवावे. सभेच्या कडेला उभा असलेला अनोळखी कामगार कोण, हे आज आपल्याला ठाऊक नसेल. उद्या त्याची नात त्याला ओळखील. तोवर त्याला त्याच्या जागी उभा राहू द्यावा.